सासूबाईंच्या नावाची वेल

रविवारी दुपारी पहिला आवाज झाला तेव्हा सासूबाईंना वाटलं, कुणीतरी खिडकीवर खडा मारला. दुसरा आवाज झाला तेव्हा त्यांनी खिडकी उघडून खालच्या रिकाम्या रस्त्याला दम भरला. तिसऱ्या आवाजाबरोबर काहीतरी टणक त्यांच्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवरच्या घड्याळावर आपटलं, तेव्हा कुठे त्यांनी मागे वळून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर दोन ट्रे होते. त्यांतल्या शेंगा उन्हात पीळ घेत होत्या आणि एकेक करून फुटत होत्या. बिया सोफ्याखाली जात होत्या, पुस्तकांच्या कपाटात जात होत्या, एक तर चहाच्या कपात पडली.

हे ट्रे सुनेचे. सूनबाई वनस्पती-संग्रहालयात नोकरीला होत्या आणि तिथे त्यांना सगळे शेंगाताई म्हणायचे. घेवडा, वाटाणा ही मंडळी आपल्या ओळखीची. पण त्यांची रानटी भावंडं डोंगरउतारांवर आणि कुंपणांवर वाढत असतात. त्यांना कुणी खात नाही, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यांच्याकडे बघायचा शेंगाताईला पगार मिळत असे. त्यांतलं कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत आणि कोण उगाच नातं सांगतंय, हे ठरवणं तिचं काम.

ह्या धंद्यात दोनच तऱ्हेची माणसं असतात, जोडणारी आणि तोडणारी. तोडणाऱ्याला पानावर एक केस जास्त दिसला की तो लगेच नवी प्रजाती जाहीर करतो. जोडणारा म्हणतो, केसांचं काय घेऊन बसलात, सगळ्या एकच आहेत. शेंगाताई तोडणाऱ्यांतली. तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते असे पक्के जोडणारे की त्यांच्या हाती कारभार दिला असता तर त्यांनी वाटाणा आणि नारळ एकाच कपाटात ठेवला असता.

सध्या दोघांचं एका वेलीवरून अडलं होतं. पुस्तकांत ही वेल एकच प्रजाती म्हणून नोंदलेली होती. शेंगाताईच्या मात्र लक्षात आलं होतं, की काही वेलींच्या बिया साध्या तपकिरी असतात आणि काहींच्या बियांवर काळे ठिपके असतात. म्हणजे प्रजाती दोन. तपकिरी ती जुनी, ठिपकेवाली ती नवी. नवी म्हटली की तिला नाव द्यायला हवं. आणि शेंगाताईनं भावनेच्या भरात तिला सासूबाईंचंच नाव देऊन टाकलं होतं.

तसं ते योग्यच होतं. दोन वर्षं सासूबाईंनी आपली गॅलरी ह्या वेलींना दिली होती, पाणी घातलं होतं. वेलींचे नमुने कागदात घालून दाबायला घरातली जाड पुस्तकं पुरली नाहीत, तेव्हा ते सासूबाईंच्या गादीखाली गेले, आणि सासूबाई कूस बदलताना कुरकुर आवाज होतो अशी तक्रार न करता त्यावर झोपल्या. शिवाय त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव बागेतल्या एका बाकावर कोरलेलं होतं, आणि ती बहीण दर भेटीत त्या बाकाचा विषय काढायची. बाकावर नाव असणं वेगळं आणि अख्ख्या प्रजातीला नाव असणं वेगळं. सासूबाईंनी ही बातमी नातेवाइकांत, इमारतीत आणि भाजीवाल्याकडे कधीच पोचवली होती. आता माघार घ्यायची सोय नव्हती.

सोमवारी मोठे सर दोन्ही वेलींच्या बिया स्वतः बघणार होते. त्यांना पटलं की शोधनिबंध पुढे जाणार होता. पण संग्रहालयातलं शेंगा वाळवायचं कपाट नेमकं बिघडलं, म्हणून शेंगाताईनं दोन ट्रे घरी आणले, टेबलावर सावलीत ठेवले, "आई, ट्रेला अजिबात हात लावू नका," असं बजावलं आणि टिपकागद आणायला बाजारात गेली.

ती परत आली तेव्हा घर लखलखीत होतं. टेबलावर एक वाडगा होता आणि वाडग्यात बिया.

"आई, हे काय?"

"सगळ्या गोळा केल्यात बघ. एक दाणा वाया जाऊ दिला नाही. कपाटामागच्यासुद्धा काढल्या."

"पण मी हात लावू नका म्हणाले होते."

"हात कुठे लावला? शेंगा जरा ओलसर वाटत होत्या, म्हणून टेबल उन्हात सरकवलं."

शेंगाताई टेकायला खुर्ची शोधू लागली. "आणि दोन्ही ट्रेमधल्या एकाच वाडग्यात?"

"मग? तू दोन वाडगे सांगितले नव्हतेस. सांगितलं असतंस तर दोन घेतले असते." सासूबाई जरा दुखावल्या होत्या. "ह्या वयात सोफ्याखाली वाकले मी."

शेंगाताई पाणी प्यायली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की घाबरण्यासारखं काहीच नाही. ठिपके असतील त्या बिया एकीकडे, नसतील त्या दुसरीकडे. हा फरक तर तिनेच शोधून काढला होता. तिनं दोन बशा घेतल्या, भिंग घेतलं आणि बसली. सुरुवातीच्या बिया भराभर मार्गी लागल्या. मग एक अशी आली की तिच्यावर दोनच ठिपके होते. मग एकीच्या एकाच बाजूला ठिपके निघाले. एकीवर डाग होता, पण तो ठिपका म्हणावा की धूळ हे कळेना. शेंगाताईनं तिसरी बशी आणली आणि असल्या बिया विचारासाठी तिच्यात टाकल्या. थोड्या वेळानं पहिल्या दोन बशांपेक्षा तिसरी जड झाली.

"मी हात लावू का आता?" असं विचारत सासूबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी उरलेल्या बिया चटाचट निवडायला घेतल्या. त्यांचा वेग पाहून शेंगाताई थक्क झाली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की टपोऱ्या, चकचकीत बिया एका बशीत जातायत आणि सुरकुतलेल्या दुसरीत.

"आई, ह्या कशावरून तुमच्या प्रजातीच्या?"

"चेहऱ्यावरून कळतं गं. त्या मरतुकड्या माझ्या असतील का?"

एवढ्यात शेंगाताईचा नवरा दुकान बंद करून घरी आला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि लोकांचे डोळे तपासण्यात त्याची उमर गेली होती. गिऱ्हाईक खरंच अक्षर वाचतंय की अंदाजानं ठोकून देतंय, हे ओळखण्याची त्याची एक पद्धत होती. तीच अक्षरं फिरवून तो पुन्हा विचारायचा. बायकोची अवस्था त्याच्या लक्षात आली. त्यानं ठिपकेवाल्या बशीतून चिमूटभर बिया गुपचूप उचलल्या, तळहातावर जरा फिरवल्या आणि तिच्यापुढे एकेक ठेवू लागला.

"ही कुठली?"

"साधी."

"ही?"

"ही... साधीच. नाही, थांब, ठिपकेवाली. प्रकाश इकडून येऊ दे."

"आता स्पष्ट दिसतंय की मघाशी स्पष्ट दिसत होतं?"

"मी तुझं गिऱ्हाईक नाहीये."

"माहितेय. गिऱ्हाईक इतकं चिडत नाही." त्यानं हात पुसले. "ह्या सगळ्या तुझ्याच ठिपकेवाल्या बशीतल्या होत्या. मघाशी तूच टाकल्या होत्यास. आता निम्म्यांना तू साध्या म्हणालीस."

शेंगाताईचे कान गरम झाले. सासूबाईंनी मुलाकडे रागानं पाहिलं. घरच्या माणसाची अशी परीक्षा घेणं त्यांना बरं वाटलं नाही, त्यातून विषय त्यांच्या नावाचा.

"न फुटलेली एखादी शेंग असेल तर शोध," शेंगाताई नवऱ्याला म्हणाली. "आतल्या सगळ्या बिया नक्की एकाच वेलीच्या असतील. मग बाकीच्या त्यांच्याशी ताडून बघता येतील."

नवरा टॉर्च घेऊन जमिनीवर पालथा झाला आणि घरभर सरपटला. फ्रिजखाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे त्याला एक शेंग मिळाली, टेबल सरकवताना घरंगळलेली, अखंड, बंद ओठांची. शेंगाताईनं ती टिपकागदावर ठेवली आणि नखानं शिवण उघडली.

देठाकडच्या बिया साध्या तपकिरी होत्या. टोकाकडच्या ठिपकेदार होत्या. आणि मधली जी एक होती, ती अर्धी अशी आणि अर्धी तशी होती.

बराच वेळ शेंगाताई वाकून पाहतच राहिली. एका शेंगेत दोन प्रजाती राहू शकत नाहीत, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. ठिपके म्हणजे नुसतं पिकणं होतं. टोकाकडून शेंग पिकत येते, तसे ठिपके उमटत येतात. तिनं कुठल्या वेलीच्या शेंगा आधी तोडल्या आणि कुठल्या उशिरा, एवढाच काय तो फरक. आपली दोन वर्षं ह्या शेंगेनं पाण्यात घातली हे तिला कळत होतं, आणि तरीही तिला वाईट वाटायला सवड होईना. मधल्या बीवर ठिपका नेमका कुठून सुरू होतो ते तिला पाहायचं होतं.

"किती छान," ती म्हणाली.

"छान?" नवऱ्यानं विचारलं. "तुझी नवी प्रजाती गेली ना?"

"गेली. पण बघ ना, रेषा कशी मधोमध आलीये."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा फोनवरचा आवाज आला. "हो गं, छापूनच येणार. उद्या साहेब बघतील की झालं. अख्ख्या जगात माझ्या नावाची ती एकच." इथे मात्र शेंगाताईनं शेंगेवरची नजर काढून आतल्या खोलीकडे पाहिलं.

नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "ही शेंग मला सापडली नसती तर?"

"पण सापडली."

"मी परत फ्रिजखाली ढकलू शकतो. मला कुठे काय कळतं त्यातलं."

शेंगाताईनं खरोखर विचार केला. ते काही अवघड नव्हतं. केराची बादली हाताच्या अंतरावर होती. पण मग जन्मभर ह्या वेलीची शेंग दिसली की तिला मान फिरवावी लागली असती, आणि न बघणं तिला कधी जमलेलंच नव्हतं. तिनं शेंग डबीत घातली. सासूबाईंना सांगायचं धैर्य काही झालं नाही. आधी सरांना सांगू, मग बघू, असं तिनं ठरवलं आणि त्या रात्री सासूबाईंना जेवताना दोनदा आग्रह केला. सासूबाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

सोमवारी मोठ्या सरांनी शेंग भिंगाखाली घेतली. सर कमी बोलायचे आणि पाहायचे मात्र खूप वेळ. शेंगाताईनं मनाची तयारी केली होती. आता सर खुर्चीत मागे रेलतील, बोटं एकमेकांत गुंफतील आणि जोडण्याचं महत्त्व सांगतील.

"म्हणजे एकच," सर म्हणाले.

"एकच, सर."

"मी म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

पण सर मागे रेलले नाहीत. "नाव कुणाचं देणार होतात, ताई?"

"सासूबाईंचं."

"त्यांना सांगून झालं होतं?"

"त्यांनी सगळ्यांना सांगून झालंय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आता जुनंच नाव राहणार," ते म्हणाले. आधी दिलेलं नाव टिकतं, असा ह्या शास्त्राचा नियमच आहे. हे जुनं नाव सरांनीच तरुणपणी दिलेलं आहे, एवढं शेंगाताईला ठाऊक होतं. ते कुणाचं, हे विचारायची हिंमत संग्रहालयात कुणी केली नव्हती.

"माझ्या मिसेसचं आहे ते," सर भिंगाकडे बघत म्हणाले. "लग्न झालं त्या वर्षी दिलं. त्यानंतर मी एकही नवी प्रजाती केली नाही. नुसता जोडतच गेलो." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत त्यांनी विचारलं, "सासूबाई फार रागावतील का हो?"

इतक्या वर्षांत सरांनी तिला विचारलेला हा पहिलाच घरगुती प्रश्न होता. शेंगाताईला त्यांच्याविषयी एकदम माया वाटली.

संध्याकाळी तिनं सासूबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. शेंग दाखवली, मधली बी दाखवली, माफी मागितली. सासूबाईंनी चष्मा लावून शेंग उलटसुलट केली. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं शेंगाताईला वाटलं, कारण त्यांचा चेहरा नुसताच उतरला होता. "सगळ्यांना सांगून बसले मी," एवढंच त्या म्हणाल्या.

"माझी चूक झाली, आई."

"तुझी कसली चूक. शेंगच तशी." मग शेंग परत देत, "म्हणजे वेल तीच. फक्त तुझ्या सरांच्या बायकोचं नाव आधी लागलं."

"हो."

"मला भेटायचंय त्या बाईला."

"कशाला, आई?" शेंगाताई घाबरून म्हणाली.

"बघू तरी. ज्या बाईच्या नावाला मी दोन वर्षं पाणी घातलं, ती आहे तरी कशी."

मोठ्या सरांना हे कळल्यावर त्यांनीही अगदी तसंच "कशाला?" विचारलं. मिसेसना बागेतून सवड नसते, असं ते म्हणाले. पुढे पाहुणे येणार आहेत असं म्हणाले. शेवटी त्यांची कारणं संपली.

त्यानंतरच्या रविवारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर गॅलरीतली कुंडी घेऊन टॅक्सीत बसल्या. वेलीचे तणावे त्यांच्या गळ्याभोवती येत होते. शेंगाताई शेजारी जीव मुठीत धरून बसली होती.

सरांच्या बैठकीच्या खोलीत समोरच्याच भिंतीवर एक चौकट होती. तिच्यात एका जुन्या नियतकालिकाचं छापील पान आणि त्यावर वेलीचं लांबलचक शास्त्रीय नाव. चौकटीची काच अशी स्वच्छ होती की रोज पुसली जात असणार. सरांच्या मिसेस मागच्या अंगणातून आल्या, कोपरापर्यंत माती. हात धुऊन त्या बसल्या, आणि सासूबाईंनी कुंडी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे टीपॉयवर ठेवली.

"ही तुमची," सासूबाई म्हणाल्या.

"माझी?"

"तुमच्या नावाची वेल. दोन वर्षं मी सांभाळली."

मिसेसनी वेलीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. "ही?"

"हीच," सर म्हणाले.

"ही तर मी रोज उपटते."

मिसेस उठल्या आणि सगळी मंडळी त्यांच्यामागून अंगणात गेली. कुंपणाच्या कडेला उपटलेल्या तणाचा गुडघाभर ढीग होता. ताजा सगळ्यात वर, सुकलेला खाली, आणि ढिगात बहुतेक सगळी तीच वेल. गुलाबाच्या वाफ्यात आणखी कोवळी रोपं वर येतच होती. शेंगाताई लगेच उकिडवी बसून पानं बघू लागली.

"ही इथे कशी आली?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. ह्या वेलीसाठी ते दर वर्षी लांबच्या डोंगरांवर जात आले होते, आणि प्रत्येक लेखात त्यांनी तिला अत्यंत दुर्मीळ म्हटलं होतं.

"तुमच्या पँटच्या खिशांतून, आणखी कुठून? डोंगरावरून आलात की खिसे भरलेले. मी ते इथेच झटकते, मग कपडे धुवायला टाकते."

"अगं, ही दुर्मीळ आहे."

"दुर्मीळ? आठ दिवस हात लावला नाही तर घरात येऊन बसेल. कंबर गेली माझी हिच्यापायी." मिसेसनी ढिगातली एक डहाळी उचलली. तिच्या टोकाला एक फूल अजून टवटवीत होतं. "इतकी वर्षं मी त्या चौकटीची काच पुसतेय. एकदा दाखवायची होतीत की मला, कशी दिसते ती."

"तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही तरी कधी मागच्या अंगणात आलात?"

सर वाफ्याच्या कडेला उभे राहून एका रोपाकडे नुसते पाहत राहिले, आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, बायकोच्या शेजारी मातीत बसले. मिसेस डहाळी बोटांत फिरवत होत्या. "फूल मात्र बरं आहे हो," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"चांगलंच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता. "आता ही कुंडी आतच ठेवा. पाणी बेताचं. सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नको. दुपारच्या उन्हात शेंगा फुटतात आणि बिया घरभर होतात, मग कपाटामागून काढत बसावं लागतं."

"बरं झालं सांगितलंत," मिसेस अगदी मनापासून म्हणाल्या.

"आणि बिया पिकल्या की ठिपके येतात. त्याला भुलू नका. आमच्या घरात भुलले होते."

परतीच्या वाटेवर सासूबाई टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्त्याकडेच्या कुंपणांवर, भिंतींच्या फटींत जिथे जिथे काही हिरवं दिसेल तिथे त्यांची नजर जात होती. एका घरासमोर कुणीतरी वाकून तण काढत होतं, तिथे तर त्यांनी मान वळवून मागेपर्यंत पाहिलं.

"तो नियम बदलत नाही ना? आधीच्या नावाचा?"

"नाही, आई."

"कधीच?"

"सहसा नाही."

"मग असू दे तिचंच," सासूबाई म्हणाल्या आणि समाधानानं मागे टेकल्या.

घरी आल्या आल्या फोन वाजला. शेंगाताई बूट काढत होती, तिला आतून सगळं ऐकू येत होतं. "नाही गं, नाही छापून येणार. मीच नको म्हटलं. अगं, त्यांचे मोठे साहेब आहेत ना, त्यांच्या बायकोचं नाव होतं आधीपासून. मी स्वतः घरी जाऊन भेटले. गरीब बाई आहे, काही माहिती नव्हती तिला. म्हटलं, राहू दे तुमचंच."

शेंगाताई चुकीची नोंद दिसली की जागच्या जागी दुरुस्त केल्याशिवाय पुढे जात नसे. तिनं बूट कपाटात ठेवले, आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं आणि चहा टाकायला गेली.